घटात उगवलेलं गमभन

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शेजारची शेवंता वावरातून घमेलंभर काळी माती घेऊन येते. यंदाही आली. ओट्यावर घमेलं टेकवून म्हणाली, "बाई, माती आणलीय बगा. ढेकळं लई हायेत, चाळून घ्या." मला हायस्कूलात शिकवणं सोडून बरीच वर्षं झाली, तरी घाटनांदूर गावासाठी मी अजून 'बाई'च आहे आणि आमचे हे 'गुरुजी'. मी खडे वेचले, ढेकळं बत्त्यानं फोडली आणि चाळण धरून बसले. चाळणीचा सर्र सर्र आवाज सुरू झाला तशी आतली खाट करकरली. हे उठून बाहेर आले आणि भिंतीला पाठ टेकून बसले. चाळणीकडे बघत राहिले. माझा हात तिथंच थांबला.

मागच्या वर्षी या दिवसांत मी ही माती रोज चाळत होते. देवीसाठी नाही, यांच्यासाठी.

श्रावणातली सकाळ होती. मी चहा ठेवला होता आणि हे ओट्यावर पेपर उघडून बसले होते. तिथूनच ओरडले, "अगं, हा कानडी पेपर कोण टाकून गेलं?" यांचा स्वभाव थट्टेचा. मी आतूनच म्हणाले, "कानडी तर कानडी. तुम्हाला मराठी तरी कुठं धड येतं?" नेहमीसारखे हसले नाहीत. मी कप घेऊन बाहेर आले तर हे पेपर जवळ धरत होते, लांब धरत होते, चष्मा पुसत होते. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आकडे कळायलेत. अक्षरं न्हाई कळत."

अंबाजोगाईच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. मेंदूत बारीकशी गुठळी. बोलणं शाबूत, चालणं शाबूत, उजव्या बाजूचं जरा कमी दिसणार. "आणि वाचन गेलंय. लिहिता मात्र येईल त्यांना." मी आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलेली बाई. मी वाद घातला. जो लिहितो त्याला वाचता कसं येत नाही? त्यांनी कागद पुढं केला. यांनी त्यावर आपलं नाव लिहिलं, तेच घोटीव, वळणदार अक्षर, ज्यानं आमच्या पंचक्रोशीतल्या शाळांच्या भिंती रंगल्या. मग डॉक्टरीणबाईंनी थोडं इकडचं तिकडचं बोलून तोच कागद त्यांच्यासमोर धरला. "हे काय आहे, गुरुजी?" यांनी बराच वेळ बघितलं आणि कौतुकानं मान हलवली. "कुणाचं अक्षर हाय हे? चांगलं हाय." मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"डोळे चांगले आहेत, हात चांगला आहे. मधला रस्ता तुटलाय," त्या म्हणाल्या. पुन्हा जुळेल का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "थोडंफार येईल. सांगता येत नाही." त्या पोरीचा काही दोष नव्हता, तरी मला तिचा राग आला. ज्याचं उत्तर नाही त्याला विज्ञान 'सांगता येत नाही' म्हणतं, हे मीच वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

जीपनं घरी आलो. उतरल्यावर हे एकच बोलले. "गावात कुणाला सांगू नगं."

यांनी नोकरीभर पहिलीचा वर्ग सोडला नाही. वरचे वर्ग मिळत असताना घेतले नाहीत. गावातल्या निम्म्या लोकांचं बोट यांनी हातात धरून पहिलं अक्षर गिरवून घेतलंय. पोस्टात, सोसायटीत, दुकानात जो कुणी सही करतो, त्याच्या सहीत कुठं ना कुठं यांचं वळण दिसतं. आणि आता याच माणसाला एसटीची पाटी वाचता येत नव्हती. सांगणार तरी कुणाला आणि कोणत्या तोंडानं?

मग आमचं नाटक सुरू झालं. सकाळी चहाबरोबर मी आत बसून पेपरातल्या मोठ्या बातम्या यांना वाचून दाखवायचे. मग हे तोच पेपर घेऊन ओट्यावर बसायचे आणि वेळेवर पान उलटायचे. येणारा-जाणारा विचारायचा, "गुरुजी, काय म्हनतोय पेपर?" हे म्हणायचे, "काय म्हणणार? तेच ते." कुणाला शंका आली नाही. मी मात्र स्वयंपाकघरात पोळपाटाशी उभी राहून प्रत्येक हाकेला दचकायचे. कुणी एखादी नवीच बातमी विचारली तर? पोळ्या करपायच्या आणि करपलेल्या पोळ्या हे मुकाट्यानं खायचे.

माळ्यावर यांची पत्र्याची पेटी होती. मी तिला 'खेळण्यांचं दुकान' म्हणायचे. ती मीच खाली काढली. आत पुठ्ठ्यावर चिकटवलेली खरखरीत पॉलिश पेपरची अक्षरं होती. जुन्या स्लिपरांचे तळवे कापून केलेली रबरी अक्षरं होती, त्यांतल्या 'ळ'वर अजून निळा पट्टा दिसत होता. सुतळीची वळणं होती, पिशवीभर चिंचोके होते. नोकरीच्या सुरुवातीला यांना एक वस्तीवरची शाळा मिळाली होती. तिथं पोरांकडे पाट्या नव्हत्या, म्हणून यांनी एका मोठ्या ताटात चाळलेली माती पसरली. एकेका लेकरानं येऊन बोटानं अक्षर काढायचं, ते दाखवायचं आणि उठताना तळव्यानं थापटून माती सपाट करायची, पुढच्या लेकरासाठी. पुढं पाट्या आल्या, वह्या आल्या, तरी ते ताट वर्गातून गेलं नाही. आणि एक खेळ होता पाठीवरच्या अक्षराचा. मागच्यानं पुढच्याच्या पाठीवर बोटानं अक्षर काढायचं आणि पुढच्यानं ते ओळखायचं. त्या वर्गातून सारखा गुदगुल्यांचा आवाज यायचा आणि वरच्या वर्गांचे मास्तर वैतागायचे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की डोळ्यांनी जमत नसेल तर बोटानं गिरवून बघा, त्या वाटेनं कधीकधी अक्षर आत जातं. म्हणून मागच्या पडवीत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मी परातीत माती पसरली आणि यांच्यासमोर बसले. मी बोटानं 'ग' काढला. यांनी बघितलं. चेहरा कोरा. मग मी यांचं बोट धरून त्या खाचेत ठेवलं. बोट गोल फिरलं, खाली आलं, काना ओढला आणि चेहरा एकदम उजळला. "ग!" एवढा आनंद मी यांच्या चेहऱ्यावर मुलाच्या जन्मालाही बघितला नव्हता. डोळ्यांना ठाऊक नव्हतं ते बोटाला ठाऊक होतं.

पण एक अक्षर म्हणजे वाचन नव्हे. शब्द दिला की तिसऱ्या अक्षराला पोचेपर्यंत पहिलं निसटायचं. हे पुन्हा मागं जायचे, पुन्हा पुढं यायचे, कपाळावर घाम यायचा. आणि मी पहिलीची बाई म्हणून अगदीच टाकाऊ. "अहो, आत्ताच सांगितलं ना!" माझा आवाज चढायचा. हे मातीकडे बघत म्हणायचे, "बाई, लेकरावर वरडू नगं. घाबरलेल्या लेकराला काईच येत न्हाई." मग मला हसू यायचं, मग रडू यायचं, आणि मी उठून उगाच अंगणातली तुळस पाण्यानं बुडवायचे. संध्याकाळी पाठीला तेल चोळताना मी यांच्या पाठीवर अक्षरं काढायचे. ती मात्र हे पटापट ओळखायचे. पाठीवर कुणी पुस्तक छापत नाही, हीच काय ती अडचण होती.

अशात नवरात्र आलं.

घटस्थापनेच्या सकाळी घाई होती. मी घटासाठी परडीत पत्रावळ घातली, तिच्यावर चाळलेली माती पसरली आणि परडी पडवीत ठेवून अंघोळीला गेले. यांना वाटलं, रोजच्यासारखी आपल्यासाठीच माती मांडून ठेवलीय. परात असो नाहीतर परडी, माती तीच होती, चाळण तीच होती, बसायची जागा तीच होती. हे बसले आणि आपल्या मनानं धडा गिरवला. मी आले तेव्हा हे उठून गेले होते. लाइट गेलेली, देवघरात अंधार, बाहेरून शेवंता ओरडत होती, "बाई, आवरा की, येळ टळंल!" मी परडी उचलून आत नेली, मागच्या बाजूला मातीचा घट ठेवला, पुढच्या मोकळ्या मातीवर गव्हाची मूठ फिरवली, वरून चिमूटचिमूट माती टाकली, पाणी शिंपडलं, दिवा लावला, घटावर तरवडाच्या फुलांची माळ सोडली. गहू गडगडून खाचांमध्ये जाऊन बसला असणार. मला अंधारात काही दिसलं नाही.

चौथ्या माळेला, मी घटापाशी जायच्या आधीच, शेवंता हळदीकुंकवाला आली आणि देवघराच्या दारातच किंचाळली. "अगं बाई! बाई, हिकडं या! घटात बगा काय उगवलंय!"

मी जाऊन बघितलं. इकडं तिकडं चुकार कोंब होतेच, पण मधोमध दाट, पोपटी, ओळीनं उभं राहिलेलं हिरवं होतं, आणि ते स्पष्ट वाचता येत होतं. ग म भ न. यांचंच वळण. 'भ'ची गाठसुद्धा यांचीच. काय झालं असेल ते मला त्याच क्षणी कळलं. शेवंतानं मात्र हात जोडले होते. "देवीनं लिवलं," ती पुटपुटली. "आसं कदी बगितलं न्हाई बाई." मी काय सांगणार होते? गुरुजींनी मातीत गिरवलं म्हणून सांगायचं, तर गुरुजी या वयात गमभन का गिरवतात, हेही सांगावं लागणार होतं. अंगात येणाऱ्या बायांना भर चौकात प्रश्न विचारणारी मी, माझ्याच देवघरात चमत्कार झाला आणि मी गप्प राहिले.

तासाभरात घर भरलं. बाया आल्या, म्हातारे आले, कडेवर लेकरं घेऊन सुना आल्या. देवघर ते काय, चार माणसांत भरणारं. कुणी दारातून माना लांब करत होतं, कुणी खिडकीतून. आणि मग कुणीतरी ते म्हणालंच. "गुरुजींना बोलवा की. गुरुजी, तुमीच वाचा. देवीनं काय लिवलंय ते तुमच्या तोंडानं ऐकू द्या."

हे खाटेवरून उठून आले. लोकांनी वाट करून दिली. हे घटासमोर वाकले. मी यांचा चेहरा बघत होते. तो कोरा होता, परातीपुढं असायचा तसाच. यांनी बघितलं, मान तिरकी केली, पुन्हा बघितलं. मग यांचा उजवा हात हळूहळू पुढं झाला, बोट कोंबांच्या दिशेनं.

"हात नगा लावू, गुरुजी!" शेवंता कळवळून म्हणाली. "घट हाय. हलला तर इपरीत हुईल."

हात हवेतच थांबला. ज्यांनी यांच्या ताटातल्या मातीत पहिलं अक्षर काढलं होतं, अशी पाच-पंचवीस माणसं यांच्या तोंडाकडे बघत उभी होती. यांनी वळून माझ्याकडे बघितलं. एवढी असहाय नजर मी कुठल्या नापास होणाऱ्या पोराचीही पाहिली नाही. मला वाटलं, ओरडून सगळ्यांना बाहेर काढावं. वाटलं, परडीच उलटी करावी.

मी पुढं झाले, आजारी माणसाला आधार द्यावा तसा यांच्या पाठीवर हात ठेवला आणि पदराआडून एका बोटानं 'ग' काढला.

"ग," हे म्हणाले.

मी 'म' काढला. "म." 'भ'ला पाठ जरा थबकली, मी पुन्हा गिरवला. "भ." आणि मग 'न'.

"गमभन!" दारातून कुणीतरी ओरडलं आणि सगळं घर हसायला, बोलायला लागलं. "देवीनं शाळा भरीवली!" "गुरुजींच्या घरात दुसरं काय उगवंल?" एका सुनेनं आपल्या लेकराचं डोकं त्या कोंबांपुढं टेकवलं. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. त्याला यांनी प्रौढ वर्गात सही शिकवली होती. लोक यांच्या पाया पडत होते आणि हे, नको नको म्हणत, भिंतीचा आधार शोधत होते.

सगळे गेल्यावर मी दार लोटलं. मला वाटलं होतं, हे हसतील, 'वाचवलंस बाई' म्हणतील. हे घटासमोर मांडी घालून बसले होते.

"ते मीच लिवलं ना?" यांनी विचारलं.

"हो. परडीला परात समजलात तुम्ही."

"माझ्या हातचं हाय?"

"तुमच्याच हातचं. वळण बघितलं की कळतं."

हे त्या हिरव्याकडे वाकले. "मग मला कावून वळखू आलं न्हाई?"

याचं उत्तर मला येत होतं. गुठळी, मधला रस्ता, सगळं मी फळ्यावर आकृती काढून समजावू शकले असते. पण ते उत्तर यांनी मागितलं नव्हतं. मी बाजूला बसले आणि यांचा हात हातात घेतला.

उगवलेलं अक्षर टिकत नाही. सातव्या माळेपर्यंत कोंब उंच झाले, एकमेकांवर कलले, चुकार कोंबही वाढले आणि गमभन त्यात बुडालं. बघायला येणाऱ्यांना नुसता गहू दिसायला लागला. खंडेनवमीला शेतकऱ्यांनी नांगर-कुळव पुजले, शेवंतानं खुरपं-विळा मांडला. यांनी आपली पत्र्याची पेटी देवीपुढं ठेवली. मी पॉलिश पेपरच्या अक्षरांना हळदकुंकू वाहिलं. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. यांनी त्यानंतरही लावला नाही.

दसऱ्याला घट हलवला. मी तुरे उपटले आणि रिवाजाप्रमाणे चार तुरे यांच्या टोपीत खोचायला दिले. यांनी ते तळव्यावर घेतले, बोटानं चाचपले, उलटसुलट केले आणि विचारलं, "हे कंच्या अक्षरातले?" मी कसं सांगणार होते? मुळं एकमेकांत गुंतलेली होती. मी म्हणाले, "'ग'मधले असतील." यांनी मान हलवली आणि टोपीत खोचले.

त्याला आता वर्ष झालं. पडवीतली परात पुन्हा पीठ मळायला गेली. मुलानं पुण्याहून येऊन मोबाइलमध्ये पेपर वाचून दाखवणारं काहीतरी टाकून दिलं. हे ते ऐकतात आणि मध्येच झोपी जातात. सकाळी अजून ओट्यावर पेपर घेऊन बसतात, पान उलटायचं मात्र राहून जातं. येणारे-जाणारे 'रामराम गुरुजी' म्हणतात आणि पुढं जातात. पेपर काय म्हणतोय, असं आता कुणी विचारत नाही. गावाला कळलंय, असं मला वाटतं. कळूनही कुणी बोलत नाही, याचे आभार मानावेत की याचं दुःख करावं, हे मला ठरवता आलेलं नाही.

तर यंदा. घटस्थापनेच्या सकाळी मी परडी भरली आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, पडवीत यांच्यासमोर ठेवली. "अंघोळ करून येते," म्हणाले. न्हाणीघरात मी पाणी संपलं तरी बसून राहिले. ज्या देवीला मी कधी काही मागितलं नाही, तिला म्हणाले, यांना लिहू दे. वाचायचं राहू दे, निदान लिहायची इच्छा राहू दे.

बाहेर आले तर हे उठत होते. मी परडीत बघितलं. माती एकदम सपाट होती, मी पसरली होती त्याहून सपाट. तिच्यावर तळव्यानं थापटल्याचे वळ होते.

"सारकी केलीय," हे हात झटकत म्हणाले. "पुडच्याला बरं पडतं."

आधी काही लिहून मग पुसलं होतं की नुसतंच थापटलं होतं, हे मी विचारलं नाही. तशीच गव्हाची मूठ फिरवली. पण रोज पहाटे उठून मी आधी देवघरात जाते, दिवा परडीजवळ धरते आणि वाकून बघते. कुठं ओळ जमतेय का, कुठं दाट कुठं विरळ आहे का, एखादी गाठ, एखादा काना. थापटल्यावरही खाच थोडी उरते, असं मी स्वतःला बजावते.

आज पाचवी माळ. उगवण छान आहे, पोपटी, दाट, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखी, गावातल्या सगळ्या घरांत असते तशी. आरती झाल्यावर हे माझ्या मागं येऊन उभे राहिले. हात मागं बांधलेले. माझ्या खांद्यावरून घटाकडे बघत होते.

"काय आलंय?" यांनी विचारलं.

मी पुन्हा एकदा सगळी परडी नजरेखालून घातली.

"गहू," मी म्हणाले. "गहू आलाय."